उद्जन, ड्रॅगन आणि कापलेली चित्रफीत

गेल्या दीड वर्षात मी जी पुस्तके वाचली, त्यांतली निम्म्याहून अधिक माझ्या वयाच्या वाचकांसाठी लिहिलेली नव्हती. माझी भाची नववीत आहे. दिंडोरी तालुक्यातल्या घरून रोज शाळेला येणे-जाणे जड जाते, म्हणून ती नाशिकला माझ्याकडे राहते, आणि तिच्या दप्तरातून कुमारवयीनांसाठी लिहिलेल्या इंग्रजी अद्भुतकथा आणि विज्ञानकथा आमच्या घरात येऊ लागल्या. तिला काय वाचायला मिळते आहे हे पाहावे, एवढ्याच हेतूने मी त्या उघडल्या; पुढे मात्र स्वतःसाठीच वाचत राहिले. या वाचनातून माझी काही ठाम मते झाली आहेत. त्यांतले सर्वांत महत्त्वाचे असे की, या प्रकारातली आजची चांगली पुस्तके आणि नुसती लोकप्रिय पुस्तके यांतला फरक कल्पनेच्या भरारीत नसून एका प्रश्नात आहे. आपल्याला सांगितली गेलेली गोष्ट कोणी सांगितली, कोणाच्या शब्दांत सांगितली आणि सांगताना तिच्यातले काय कापले, हा प्रश्न चांगले पुस्तक वाचणाऱ्या मुलाच्या हाती देते.

सुझन कॉलिन्स यांची ‘सनराइज ऑन द रीपिंग’ ही कादंबरी मार्च 2025 मध्ये प्रसिद्ध झाली. ‘हंगर गेम्स’ मालिका ज्यांनी वाचली आहे, त्यांना तिचा शेवट पहिले पान उलटण्याआधीच ठाऊक असतो. राज्यकर्ती राजधानी दरवर्षी मुलांना एकमेकांचा जीव घ्यायला रिंगणात उतरवते, तेच हे ‘खेळ’; हेमिच हा सोळा वर्षांचा मुलगा 50व्या खेळांत उतरणार, त्या वर्षी नेहमीच्या 24 ऐवजी 48 मुले रिंगणात असणार, आणि त्यांतून तो एकटा जिवंत परतणार, हे सारे 2009 सालच्या ‘कॅचिंग फायर’मध्ये सांगून झाले आहे. मग चारशेच्या आसपास पानांचे हे पुस्तक कशासाठी वाचायचे, असा प्रश्न मला भाचीनेच विचारला होता. मी तिला पंचवटीची आठवण करून दिली. काळाराम मंदिरात आख्यान ऐकायला बसलेल्या एकाही माणसाला सीताहरण होणार आहे हे माहीत नसते असे नाही. तरीही बुवा मारीचाच्या हाकेपर्यंत आले की मांडव गप्प होतो. शेवट ठाऊक असलेल्या श्रोत्याला ‘पुढे काय’ यापेक्षा ‘हे कसे घडले’ याचे कुतूहल असते, आणि कॉलिन्सबाईंनी नेमकी हीच जागा पकडली आहे.

‘कॅचिंग फायर’मध्ये नायिका हेमिचच्या खेळांची जुनी चित्रफीत पाहते. त्या चित्रफितीत तो कड्याच्या टोकाशी असलेल्या आणि वस्तू परत फेकणाऱ्या अदृश्य क्षेत्राचा उपयोग करून प्रतिस्पर्धी मुलीची कुऱ्हाड तिच्यावरच उलटवतो आणि जिंकतो. एक धूर्त, काहीसा उद्धट मुलगा, अशी त्याची प्रतिमा आपल्या मनात पक्की होते. नव्या पुस्तकात कळते की ती चित्रफीत राजधानीने कापून, जोडून तयार केलेली होती. तो मुलगा मुळात रिंगणच मोडायला निघाला होता, आणि ते सारे प्रेक्षकांपासून लपवण्यात आले. फसवणुकीची सुरुवात तर खेळांच्याही आधी, निवडीच्या दिवशीच होते. चिठ्ठी निघालेला मुलगा पळू पाहतो, त्याला गोळी घातली जाते, उडालेल्या गोंधळात हेमिचला धरले जाते, आणि मग कॅमेऱ्यासमोर त्याचेच नाव निघाल्याचा देखावा नव्याने उभा केला जातो. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला, तो रक्तपातामुळे नव्हे. सोळा वर्षांपूर्वीच्या पुस्तकात मी स्वतः ती चित्रफीत खरी मानून पुढे गेले होते, हे त्या क्षणी लक्षात आले. वाचकाच्याच विश्वासाला पुराव्यासारखे वापरणारी अशी रचना मी प्रौढांसाठीच्या कादंबऱ्यांतही क्वचित पाहिली आहे.

पुस्तकात दोष आहेत. आधीच्या भागांतली ओळखीची माणसे एकामागून एक तरुण रूपात भेटत राहतात. मॅग्स, वायरेस, बीटी, एफी, प्लुटार्क या सर्वांची हजेरी लागते, आणि एवढ्या मोठ्या देशात प्रत्येक वळणावर नेमकी हीच माणसे कशी, हा संशय कथेचे वजन कमी करतो. बीटीच्या, रिंगणात उतरवलेल्या मुलाचा प्रसंग मात्र यात धरू नये. तो असह्य आहे आणि आवश्यकही आहे.

मला याहून जवळचे वाटलेले पुस्तक म्हणजे मॉनिक्विल ब्लॅकगूस यांचे ‘टू शेप अ ड्रॅगन्स ब्रेथ’. ते 2023 साली आले आणि पुढच्या वर्षी त्याला लोडस्टार आणि आंद्रे नॉर्टन असे या प्रकारातले दोन्ही मोठे पुरस्कार मिळाले. लेखिका सीकाँक वाँपनोआग या अमेरिकेतल्या मूलनिवासी समाजातल्या आहेत. उत्तर युरोपातून आलेल्या लोकांनी वसाहत केलेल्या एका पर्यायी अमेरिकेत ही कथा घडते. अनेकस या पंधरा वर्षांच्या मुलीला आपल्या बेटावर ड्रॅगनचे अंडे सापडते. तिच्या लोकांनी कित्येक पिढ्यांत ड्रॅगन पाहिलेला नसतो, त्यामुळे गावाला तो सण वाटतो आणि राज्यकर्त्यांना तो धोका वाटतो. ड्रॅगन जवळ ठेवायचा असेल तर तिने त्यांच्या शाळेत जाऊन शिकलेच पाहिजे, असा कायदा असतो. ती जाते, मन लावून शिकते, आणि तरीही आपल्या बेटावर शिकलेले काहीच टाकून देत नाही.

या पुस्तकातले रसायनशास्त्र मला विशेष वाटते. ड्रॅगनच्या श्वासाने पदार्थाचे मूळ घटकांत विघटन होते, आणि रेखाटलेल्या आकृत्यांच्या साहाय्याने त्या घटकांना दिशा देता येते, अशी ती विद्या आहे. मूलद्रव्ये आपल्याच जगातली आहेत. नावे मात्र त्या जगातल्या राज्यकर्त्यांच्या भाषेतली असल्यामुळे वाचकाला अडखळत, ताळा करत पुढे जावे लागते. अनेक वाचकांना हा भाग कंटाळवाणा वाटतो. मला तो पुस्तकाचा गाभा वाटला, कारण अनेकसला वर्गात जे परकेपण सोसावे लागते तेच लेखिका वाचकालाही थोडेसे सोसायला लावते. हुशार मुलगी एखादी गोष्ट पुरती जाणत असते, पण ती ज्या नावाने जाणते ते नाव परीक्षेत चालत नाही. थिओड नावाचा दुसरा एक मूलनिवासी विद्यार्थी याच शाळेत आहे. तो परक्यांतच वाढलेला असल्यामुळे त्याच्याकडे तर जुनी नावेही उरलेली नाहीत. अनेकस त्याला घरी घेऊन येते, तेव्हा आपल्याच माणसांत वावरताना त्याचा जो संकोच होतो, तो लेखिकेने फार हळुवारपणे लिहिला आहे.

हे वाचताना मला माझी शाळा आठवली नसती तरच नवल. आम्ही नत्रवायू, प्राणवायू, उद्जन, कर्ब असे शिकलो. आमच्या नंतरच्या पुस्तकांत नायट्रोजन, ऑक्सिजन, हायड्रोजन आले, आणि भाचीच्या सेमी-इंग्रजीच्या वर्गात तर विज्ञानाचे सगळे वाक्यच इंग्रजीत असते. यात कोणी तिच्यावर जुलूम केला असे मी म्हणत नाही. आपली स्थिती आणि अनेकसची स्थिती यांत मोठे अंतर आहे, आणि ते पुसून टाकणे त्या समाजावर अन्याय करणारे ठरेल. परंतु भाषा गमावण्याची ही कथा आमच्या घरातली मुलगी इंग्रजीत वाचते आणि तिच्याविषयी माझ्याशी मराठीत बोलू पाहते, तेव्हा तिला शब्द सापडत नाहीत, हे मी रोज पाहते आहे आणि त्याचे मला वाईट वाटते.

इतर दोन पुस्तकांविषयी थोडक्यात लिहिते. नाओमी नोविक यांच्या ‘अ डेडली एज्युकेशन’मधली शिक्षकांविना चालणारी, राक्षसांनी भरलेली शाळा मला आवडली. दुसऱ्याचा जीव शोषून सहज मिळणारी शक्ती नाकारणारी नायिका जोर काढून आणि क्रोशाचे विणकाम करून शक्ती साठवते, या तपशिलात तिची सारी नीती आली आहे. तिच्या वडिलांचे घराणे मुंबईकडचे असल्याने मी अधिक अपेक्षेने वाचत होते. पहिल्या भागात त्या बाजूने एका पणजीच्या भयंकर भाकितापलीकडे फारसे काही येत नाही, ही मला उणीव वाटली. शिरान जे झाओ यांच्या ‘आयर्न विडो’मधला संताप खरा आहे, आणि पुरुष चालकाच्या शेजारी बसवलेल्या मुलीचे प्राण खर्चून चालणारी युद्धयंत्रे ही प्रतिमा मनातून जात नाही. पण नायिकेखेरीज इतर स्त्रियांना त्या पुस्तकात पुरेसे आयुष्य मिळत नाही, आणि स्त्रियांच्या बाजूने लढणाऱ्या पुस्तकात ही उणीव छोटी नाही.

पालकांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. पुस्तकांच्या दुकानांत प्रौढांसाठी लिहिलेल्या, ड्रॅगन आणि शृंगार यांची सांगड घालणाऱ्या कादंबऱ्या पुष्कळदा कुमारांच्या कपाटात ठेवलेल्या दिसतात, कारण मुखपृष्ठे सारखी असतात. दोष पुस्तकांचा नाही. पण घेण्यापूर्वी दहा पाने चाळून पाहावीत.

मराठीत मात्र हे कपाटच भरायचे राहिले आहे, ही माझी खरी खंत आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मी सार्वजनिक वाचनालयातून आणून वाचला. 1840 साली स्थापन झालेल्या त्या संस्थेचे माझ्यावर असलेले ऋण मोठे आहे. ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघते आहे आणि माझ्या पिढीला त्याने वाचायला शिकवले. त्यानंतर आम्ही थेट जयंत नारळीकरांकडे गेलो, हे आमचे भाग्य होते. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवताना त्यांनी आपली आद्याक्षरे उलटी करून नारायण विनायक जगताप हे नाव घेतले होते, आणि कथेला पहिले बक्षीस मिळाले ते तिच्या गुणावर. डिसेंबर 2021 मध्ये आडगावला भरलेल्या 94व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. प्रकृतीमुळे त्यांना नाशिकला येता आले नाही. मी मांडवात होते, आणि विज्ञानकथा लिहिणाऱ्या माणसाला हा मान आमच्या गावात मिळतो आहे याचा आनंद होता. शेजारी शाळेची मुलेही पुष्कळ होती. त्या मुलांना संमेलनाच्या ग्रंथप्रदर्शनातून घरी काय नेता आले असते, असा विचार तेव्हा मनात आला, तो अजून गेलेला नाही. बालगीते, बोधकथा आणि चरित्रे एका बाजूला होती, प्रौढांच्या कादंबऱ्या दुसऱ्या बाजूला होत्या. चौदा वर्षांच्या वाचकाला धरून ठेवणारी, आजच्या मुलामुलींनी भरलेली, पाचशे पानांची मराठी अद्भुतकथा मला तिथे दिसली नाही. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेतून पुस्तकांच्या पेट्या याच गावातून दूरदूर गेल्या. अशी एक पेटी केवळ या वयासाठी भरायला कोणी मला सांगितले, तर मी अनुवादांवर आणि जुन्या पुस्तकांवर फार विसंबून राहीन, आणि ते मला मान्य होत नाही.

मागच्या दिवाळीत आम्ही दोघी दिंडोरीला गेलो होतो. द्राक्षांची गोडी छाटणी उरकली होती आणि माझा भाऊ बागेत उभा राहून गड्याशी खतांचा हिशेब बोलत होता. नत्र किती, स्फुरद किती, पालाश किती, भुरी येण्याआधी गंधक कधी मारायचे, असे चालले होते. भाची हे शब्द जन्मापासून ऐकत आली आहे. त्या दिवशी ती मधेच थांबली आणि तिने वडिलांना विचारले, “पप्पा, स्फुरद म्हणजे फॉस्फरस का?” तो म्हणाला, “मग काय तर.” ती माझ्याकडे वळून म्हणाली, “आत्या, स्फुरद म्हणजे चमकणारे ना? मग हे नाव पुस्तकात का नाही?” रात्री तिने वहीत तीन रकाने आखले. एकात अनेकसच्या शाळेतली नावे, दुसऱ्यात तिच्या शाळेतली, तिसऱ्यात बागेतली. पहिल्या ओळीचा तिसरा रकाना रिकामा होता, कारण हायड्रोजन बागेत कोणी मोजत नाही. मी तिला उद्जन हा शब्द सांगितला आणि तो फोडून दाखवला, उद म्हणजे पाणी, पाणी उत्पन्न करणारा तो उद्जन. तिने तो रकान्यात लिहिला आणि मग हायड्रोजन या शब्दाचा अर्थ शोधला. तोही तोच निघाला, तेव्हा तिने पेन खाली ठेवले आणि बराच वेळ वहीकडे पाहत बसली.