पुस्तकं पोचली, खुणा राहिल्या

अप्पा बळवंत चौकात घेतलेलं पुस्तक पीएमटीतून कोथरूडला नेलं, तर वाटेत त्याच्या मुखपृष्ठावरच्या अक्षरांचे चौकोन होत नाहीत. कर्वे रस्त्यावर बस अडकली म्हणून आत ठेवलेला खुणेचा कपटा गळून पडत नाही, आणि घरी पोचल्यावर ‘मला उघडायची तुम्हाला परवानगी नाही’ असं पुस्तक म्हणत नाही. ई-पुस्तक एका संगणकावरून दुसऱ्यावर जाताना मात्र हे सगळं होतं. गंमत अशी, की बहुतेक वेळा पुस्तक स्वतः सुखरूप असतं, अक्षर न् अक्षर पोचलेलं असतं. वाटेत सांडतं ते त्याच्या भोवतालचं: नाव, क्रम, खुणा, वाचायचा हक्क. आणि आपण मात्र तासभर वायर हलवत बसतो.

वायरचं आधी उरकून टाकू. फोन किंवा ई-पुस्तकांचा रीडर जोडला, चार्जिंगची खूण दिसली, पण संगणकानं दखलच घेतली नाही, तर वायर फक्त चार्जिंगची असण्याची शक्यता मोठी. साध्या यूएसबी वायरीत चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन डेटाच्या. स्वस्तातल्या वायरीत डेटाच्या दोन घातलेल्याच नसतात. वायर बदलूनही काही दिसेना, तर अँड्रॉइड फोनवर सूचनांची पट्टी खाली ओढून ‘फाइल ट्रान्सफर’ निवडायचं. नव्या किंडलचं प्रकरण वेगळं. ती पेनड्राइव्हसारखी उघडत नाहीत, एमटीपी पद्धतीनं बोलतात. विंडोजला ही भाषा मुळातच येते; मॅकला येत नाही, तिथे वेगळं सॉफ्टवेअर टाकावं लागतं.

चौकापासून चालत जाण्याच्या अंतरावर तपकीर गल्ली आहे, पेनड्राइव्ह तिथून येतो. बाजार कुठलाही असो, मोठ्या आकड्याचा आणि फार स्वस्त पेनड्राइव्ह मिळाला तर तो आधी तपासावा. बनावट पेनड्राइव्हमधला कंट्रोलर, म्हणजे आतली कारभारी चिप, खोटी क्षमता सांगतो. खरी जागा ३२ जीबी असते आणि संगणकाला तो १ टीबी असल्याचं कळवतो. बत्तीसच्या पुढे लिहिलेलं एक तर हवेत जातं, नाही तर जुन्यावरच लिहिलं जातं. फाइलींची नावं दिसतात, आकार बरोबर दिसतो, आत काही नसतं. विंडोजवर एचटू-टेस्ट-डब्ल्यू आणि लिनक्स-मॅकवर एफ-थ्री हे प्रोग्रॅम पेनड्राइव्ह काठोकाठ भरतात आणि मग सगळं परत वाचून ताडून पाहतात. सेकंदाला १० एमबी या वेगानं ६४ जीबी नुसतं भरायलाच पावणेदोन तास लागतात, म्हणून हे रात्रीवर टाकलेलं बरं. ज्या भागात दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज जाते, तिथे बुधवारची रात्र टाळावी. पहाटेपर्यंत आटोपलं नाही तर सगळं पहिल्यापासून.

अस्सल पेनड्राइव्हही नाटकाचं चित्रीकरण घ्यायला नकार देऊ शकतो. त्यावर ३० जीबी जागा मोकळी असते, फाइल साडेचार जीबीची असते आणि तरी ‘फाइल फार मोठी आहे’ असा संदेश येतो. पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला असतो आणि त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही, मग जागा कितीही असो. उपाय म्हणजे एक्सफॅट ही दुसरी पद्धत. विंडोज आणि मॅक दोन्ही त्यावर लिहितात-वाचतात, लिनक्सच्या कर्नलमध्येही, म्हणजे गाभ्यातही, तो २०१९पासून आहे. एनटीएफएस ही विंडोजची पद्धत निवडली तर मॅक फक्त वाचतो, लिहीत नाही. पण एक्सफॅटसाठी पेनड्राइव्ह पुसावा लागतो, आणि गाडीतल्या जुन्या स्टिरिओला फॅट-३२ सोडून काही समजत नाही. गाण्यांचा पेनड्राइव्ह आणि नाटकांचा पेनड्राइव्ह वेगळे ठेवले तर भांडण मिटतं.

मॅकनं एक्सफॅटवर काही लिहिलं, की प्रत्येक फाइलीशेजारी तो आणखी एक जुळी फाइल सोडून जातो. नाव तेच, फक्त सुरुवातीला टिंब आणि खालची रेघ. आकार बहुतेकदा ४ केबी. मॅकवर ती दिसत नाही, विंडोजवर दिसते. वाचकाला वाटतं दोनशे पुस्तकांची चारशे झाली, आणि त्यातली निम्मी उघडत नाहीत! ती पुस्तकं नव्हेतच, मॅकच्या चिठ्ठ्या आहेत. निःशंकपणे काढून टाकाव्यात. मॅकवर ‘डॉट-क्लीन’ नावाची आज्ञा नेमकी याचसाठी आहे.

खरी मजा नावांत आहे, आणि मराठी नावांत जरा जास्तच. विंडोजला फाइलीच्या नावात नऊ चिन्हं चालत नाहीत: \ / : * ? " < > |. मॅकवर किंवा लिनक्सवर कुणी हौसेनं ‘खंड १: पूर्वार्ध’ असं लिहिलेलं असतं, किंवा शीर्षकातच प्रश्नचिन्ह असतं, आणि नक्कल नेमकी तिथे अडते. त्याहून छुपा त्रास शेवटच्या टिंबाचा. आपल्याकडे लेखकांची आद्याक्षरं टिंबांनी लिहायची रीत आहे. आडनाव आधी घेऊन ‘जोशी, अ. ब.’ असं फोल्डरला नाव दिलं, की ते टिंबावर संपतं. विंडोज नावाच्या शेवटचं टिंब आणि मोकळी जागा गाळून टाकतो. लिनक्सवर बनवलेला असा फोल्डर त्याच डिस्कवरून विंडोजला दाखवला, तर तो समोर दिसतो पण उघडत नाही, पुसलाही जात नाही. शेवटचं टिंब काढायचं, बस.

लांबीचा हिशेब तर सरळसरळ मराठीवर अन्याय करणारा आहे. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये नाव २५५ चिन्हांपर्यंत जाऊ शकतं. लिनक्सच्या ईएक्सटी-४मध्येही मर्यादा २५५च, पण ती बाइटची. रोमन अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन. म्हणजे मराठीच्या वाट्याला आली ८५ चिन्हं. तीही अक्षरं नव्हेत: ‘क्षि’ हे डोळ्यांना एक अक्षर असलं तरी आत क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी चार चिन्हं आहेत, म्हणजे १२ बाइट. शीर्षक, उपशीर्षक, लेखक, आवृत्ती, प्रकाशन असं सगळं नावात कोंबायची सवय असली, की शंभर-सव्वाशे चिन्हं सहज होतात. विंडोजवर हे वर्षानुवर्षं बिनतक्रार राहतं. मग घरात सामायिक साठ्याचा डबा येतो, तो आतून बहुधा लिनक्सवर चालतो, आणि नेमकी लांब नावांची पुस्तकं ‘नाव फार मोठं’ म्हणून मागे राहतात. विंडोजवरही दुसरा सापळा आहेच: ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलीच्या शेवटापर्यंतचा संपूर्ण रस्ता २६० चिन्हांच्या आत असावा, अशी जुनी अपेक्षा अनेक प्रोग्रॅम अजून बाळगून आहेत. फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर अशी विषयवार मांडणी असेल, तर सगळा गठ्ठा थेट ड्राइव्हच्या मुळाशी, एका छोट्या नावाच्या फोल्डरात ठेवून मग हलवावा.

आणि मग येतो ‘ऱ्य’. वारकऱ्यांचा, दऱ्याखोऱ्यांचा हा ऱ्य युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या प्रमाण चिन्हसंचात, तीन तऱ्हांनी लिहिला जातो. ऱ हे एक स्वतंत्र चिन्ह घेऊन. साधा र आणि त्याखाली नुक्ता, म्हणजे टिंब, घेऊन. किंवा र, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घेऊन. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. मॅकची जुनी एचएफएस-प्लस पद्धत पहिल्या तऱ्हेचं नाव स्वतःहून दुसऱ्या तऱ्हेत फोडून ठेवते. तसं फोडलेलं नाव लिनक्सवर पहिल्या तऱ्हेच्या फोल्डरशेजारी आलं, की ‘वारकऱ्यांची गाणी’ या नावाचे हुबेहूब दिसणारे दोन फोल्डर शेजारी शेजारी उभे राहतात, आणि शोधात एक सापडतो, एक सापडत नाही. दोन संगणक जुळते ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला वाटतं, जुना फोल्डर कुणी तरी पुसला आणि नवा आणला. लिनक्सवर ‘कॉन्व-एमव्ही’ हा छोटा प्रोग्रॅम नावं परत एका तऱ्हेत आणतो. तो आधी नुसतं काय बदलेल ते दाखवतो, खरोखर बदलायला वेगळं सांगावं लागतं, ही त्याची सभ्यता. अदृश्य जोडचिन्हाची तिसरी तऱ्हा मात्र त्यालाही सुधारता येत नाही. ती शोधा-आणि-बदला करून हातानंच काढावी लागते.

हे सगळं पाहिल्यावर एक अप्रिय निष्कर्ष निघतो: फाइलीचं नाव रोमन, आखूड आणि साधं ठेवावं, आणि मराठीचा सगळा थाट पुस्तकाच्या आतल्या मेटाडेटात, म्हणजे पुस्तकाबद्दलच्या नोंदीत, करावा. कोविद गोयल यांनी २००६मध्ये सुरू केलेला कॅलिबर हा ई-पुस्तकं सांभाळणारा प्रोग्रॅम हेच करतो. त्याच्या खिडकीत शीर्षकं मराठीत दिसतात, डिस्कवर मात्र तो त्यांची ओबडधोबड रोमन रूपं करून फोल्डर बनवतो. ती रूपं बघून मराठी माणसाला वाईट वाटतं, पण ती कुठल्याही डिस्कवर बिनबोभाट जातात.

कॅलिबरची लायब्ररी हलवताना एकेक पुस्तक उचलू नये. प्रोग्रॅम बंद करावा, मग संपूर्ण लायब्ररीचा फोल्डर, त्यातल्या मेटाडेटा-डीबी या फाइलीसकट, न्यावा आणि नव्या संगणकावर लायब्ररी बदलायच्या पर्यायातून तो फोल्डर दाखवावा. सेटिंग आणि प्लगइनही हवे असतील तर ‘सगळा डेटा निर्यात’ हा वेगळा पर्याय आहे. प्रोग्रॅम चालू असताना नक्कल केली, किंवा एकच लायब्ररी दोन संगणकांवरून एकाच वेळी उघडली, तर डेटाबेस बिघडू शकतो. तसं झालंच तर घाबरायचं नाही. प्रत्येक पुस्तकाच्या फोल्डरात ओपीएफ नावाची छोटी फाइल असते, तिच्यात त्या पुस्तकाची माहिती लिहिलेली असते, आणि लायब्ररी देखभालीतला ‘डेटाबेस पुन्हा उभारा’ हा पर्याय त्या फाइलींवरून सगळं परत मांडतो.

जुन्या मराठी फाइलींचा आजार आणखी निराळा. युनिकोड रुळण्याआधी मराठी छपाई चालली ती खास फॉन्टांवर, आणि त्या घडवणुकीत पुण्याचा वाटा मोठा: सी-डॅक १९८८पासून इथलंच, श्रीलिपी बनवणारं मॉड्युलर इन्फोटेकही इथलंच. या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असत. नव्या संगणकावर तो फॉन्ट नसला, की मजकूर म्हणजे रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. फाइल बिघडलेली नसते. त्याच फॉन्टासाठी बनवलेल्या कन्व्हर्टरमधून ती युनिकोडमध्ये आणावी. जवळजवळ बरोबर असा दुसऱ्या फॉन्टाचा कन्व्हर्टर वापरला, तर नव्वद टक्के मजकूर नीट येतो आणि जोडाक्षरं मार खातात, हे अधिक वाईट, कारण चटकन लक्षात येत नाही. पीडीएफ असेल तर फॉन्ट सहसा आत गुंफलेला असतो, त्यामुळे पानं देखणी दिसतात, पण शोध घेतला की एकही मराठी शब्द सापडत नाही. तिथे टेसरॅक्ट या चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रॅमनं पानं नव्यानं वाचून घेणं सोपं पडतं. त्याची मराठी डेटाफाइल वेगळी उतरवून घ्यावी आणि भाषा मराठी असल्याचं सांगावं. नाही तर तो इंग्रजी समजून शिरोरेषेशी झटापट करत बसतो.

खुणांचं थोडक्यात. किंडलवरच्या अधोरेखांची यादी ‘माय क्लिपिंग्ज’ नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत असते, आणि वाचनाची जागा पुस्तकाशेजारच्या एसडीआरने संपणाऱ्या फोल्डरात. केओ-रीडर हा वाचायचा प्रोग्रॅमही शेजारी असाच फोल्डर करतो. नुसती ईपब, म्हणजे पुस्तकाची फाइल, उचलली, की या खुणा जुन्याच घरी राहतात. विकत घेतलेल्या, कुलूप लावलेल्या पुस्तकांना तर नक्कल करण्याचा उपयोगच नाही. नव्या यंत्रावर आपल्या खात्यात शिरून ती परत उतरवावीत. किंडलची पुस्तकं संकेतस्थळावरून संगणकावर उतरवून वायरनं टाकायची सोय २६ फेब्रुवारी २०२५ला बंद झाली. आणि एसीएसएम नावाची काही केबींची फाइल हाती आली, तर ते पुस्तक नव्हे. ती नुसती पावती. वाचायच्या प्रोग्रॅमला ती दाखवल्यावर पुस्तक मिळतं.

नाट्यसंगीताचा पेनड्राइव्ह गाडीत भलत्याच क्रमानं वाजतो, त्याचंही कारण साधं. बरेच स्टिरिओ नावाकडे बघत नाहीत, फाइली ज्या क्रमानं लिहिल्या गेल्या त्या क्रमानं वाजवतात. जे नाव बघतात ते १नंतर १० घेतात. ०१, ०२ असे आकडे घालावेत, पेनड्राइव्ह रिकामा करावा आणि एकेक फोल्डर क्रमानं टाकावा.

सगळं पोचलं का, हे ‘डिस्कवर व्यापलेली जागा’ बघून ठरवू नये. मोठ्या एक्सफॅट डिस्कवर सहसा १२८ केबीचे कप्पे पडतात, त्यामुळे चार केबीची चिठ्ठीही १२८ची जागा अडवते आणि दोन्हीकडचे आकडे जुळत नाहीत. फाइलींची संख्या आणि बाइटमधला खरा आकार जुळवावा. मग तीन फाइली उघडून बघाव्यात: सगळ्यांत मोठी, सगळ्यांत लांब नावाची आणि ऱ्य असलेली एखादी. मोठा गठ्ठा असेल तर विंडोजवर रोबोकॉपी ही नक्कल करायची आज्ञा वापरावी, मध्येच तुटलं तरी ती उरलेलंच उचलते. फक्त पुन्हा प्रयत्न किती वेळा करायचे, तो आकडा दोन-तीनवर आणून ठेवावा. आपण काही सांगितलं नाही, तर एखादी अडलेली फाइल ती दर ३० सेकंदांनी दहा लाख वेळा मागत राहते. त्याचे होतात सुमारे ३४७ दिवस, आणि तेही एकाच फाइलीचे.