उष्टावणानंतर वाटीत काय?

सहा महिने, म्हणजे 180 दिवस पूर्ण झाले की अंगावरच्या दुधासोबत वरचं अन्न सुरू करा. बाळाची मान सावरलेली हवी, आधाराने बसता यायला हवं. आधी दोन-तीन चमचे, दिवसातून दोनदा.

वरणाचं नुसतं पाणी कृपा करून देऊ नका. इवलंसं पोट भरतं, पण ताकद मिळत नाही. मऊ भात आणि घट्ट वरण कुस्करून वर थोडं तूप घाला. चमचा तिरका केला तरी घास ओघळू नये.

मीठ-साखर वर्षभर नको. मध तर गुटीतूनही चाटवू नका: त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे वर्षाच्या आतल्या बाळाला बोट्युलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार, होऊ शकतो. शेंगदाणा अगदी बारीक वाटून, पेजेत कालवून चालतो. अख्खा दाणा घशात अडकतो.