लॅपटॉपऐवजी टॅब चालेल का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: चालतो, पण कितपत, हे ठरतं दुकानात बघतात ते सोडून भलत्याच गोष्टींवर. मेल, तक्ते, पीडीएफ एवढंच काम असेल तर मधल्या दर्जाचा प्रोसेसर पुरतो. गाडी अडते रॅमपाशी, म्हणजे उघडी अ‍ॅप धरून ठेवणाऱ्या मेमरीपाशी. मेमरी कमी पडली की सिस्टिम मागचं अ‍ॅप गुपचूप बंद करते. अर्धा फॉर्म भरून मेल बघायला गेलात, परत आलात, तर पान नव्याने लोड होतं आणि फॉर्म कोरा! ४ जीबीत हे वारंवार होतं, ८ घ्या.

स्क्रीनचे इंच कर्णावर मोजतात, म्हणून तो आकडा फसवा. ११ इंची स्क्रीन १६:१० (रुंदी आणि उंचीचं प्रमाण) असेल आणि आडवी धरली तर उंची जेमतेम १५ सेंमी, ४:३ असेल तर १७. ही ४:३ उभी धरली की अख्खं ए४ पान ७५ टक्के आकारात मावतं, म्हणजे १२ पॉइंटचं अक्षर ९ चं होतं. वाचता येतं, तळटीपा मात्र छळतात. १३ इंचीत तेच पान ९० टक्क्यांच्या जवळ जातं.

कीबोर्ड ट्रॅकपॅडसकटच घ्यावा. तक्त्यातला नेमका सेल बोटाखालीच झाकला जातो. ब्लूटूथवाला कीबोर्ड काही मिनिटांनी झोपतो आणि उठताना पहिली एक-दोन अक्षरं गिळतो. पिनांनी जोडला जाणारा टॅबचीच वीज घेतो, ती कटकट नाही.

सगळ्यात जास्त फसगत यूएसबी-सीमध्ये. भोक एकच, आतला मामला वेगळा. आत जुनं, संथ यूएसबी २ असेल तर १० जीबीची फाइल पेनड्राइव्हवर जायला चार-पाच मिनिटं. आणि मॉनिटरला केबलने चित्र पाठवायचं तर पोर्टमध्ये डिस्प्लेपोर्टची सोय लागते. ती नसेल तर नेहमीचा एचडीएमआय अ‍ॅडॉप्टर लावूनही पडदा काळाच. माहितीपत्रकात 'डिस्प्लेपोर्ट' किंवा 'व्हिडिओ आउटपुट' हा शब्द सापडला नाही, तर सोय नाही असंच धरा. शिवाय काही टॅब मॉनिटरवर नुसती स्वतःची प्रतिकृती दाखवतात, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या ठेवून. वेगळा डेस्कटॉप हवा असेल तर सॅमसंगचं डेक्स (मॉनिटरवर वेगळा डेस्कटॉप उघडणारी सोय) असलेला टॅब किंवा अ‍ॅपलच्या एम-मालिकेतली चिप असलेला आयपॅड बघा.

एक्सेलचे मॅक्रो (तक्त्यात आपोआप कामं करणारे छोटे प्रोग्रॅम) अँड्रॉइड टॅबच्या किंवा आयपॅडच्या अ‍ॅपमध्ये चालत नाहीत, मग टॅब कितीही महाग असो. पैसे मोजण्याआधी तुमची सगळ्यात किचकट फाइल फोनवरच्या त्याच अ‍ॅपमध्ये उघडून बघा. तिथे मॅक्रो अडला, तर टॅबवरही अडणार.