उद्याच्या भुकेची सोय

घर सोडून कॉलेजला आलेला मुलगा किंवा मुलगी स्वयंपाक शिकायला लागते ती बहुतेक वेळा महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात. तोवर बाहेरचं खाणं मजेत चाललेलं असतं. मग एका रात्री खात्यात उरलेले पैसे आणि महिन्याचे उरलेले दिवस यांचा मेळ बसेनासा होतो, आणि आजवर फक्त पाण्याची बाटली भरायला ज्या स्वयंपाकघरात जाणं व्हायचं, तिथल्या शेगडीकडे नव्या नजरेने बघितलं जातं. आवड, आरोग्य, स्वावलंबन वगैरे कारणं नंतर चिकटतात. मुळात सगळा मामला पैशांचा असतो, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मग रेसिपी शोधल्या जातात आणि तिथेच खिशाला पहिली चाट बसते. रेसिपी सांगणाऱ्याचं स्वयंपाकघर भरलेलं असतं. ‘अर्धा चमचा घाला’ असं तो सहज म्हणून जातो, पण अर्धा चमचा कुठलाच दुकानदार देत नाही, अख्खं पाकीट घ्यावं लागतं. उरलेल्या पाकिटाच्या तोंडाला रबरबँड लागतो, ते फळीवर मागे मागे सरकत जातं आणि पुढच्या वर्षी खोली बदलताना सापडतं. शिवाय प्रमाण चौघांचं असतं. तीन अंड्यांना चाराने कसं भागायचं, हे कुणी सांगत नाही. त्यामुळे ‘घरी केलेलं स्वस्त पडतं’ हे वाक्य सुरुवातीला चक्क खोटं वाटतं, आणि तेवढ्या दिवसांपुरतं ते खोटं असतंही. माझं ऐकाल तर नवख्याने पदार्थ निवडायच्या फंदात पडूच नये. फळीवर आणि फ्रिजमध्ये काय संपवायचं राहिलंय ते बघावं. कालचा अर्धा कोबी आणि दोन मऊ पडलेले टोमॅटो समोर आले की हात आपोआप चालायला लागतो.

पण खरी अडचण हाताची नसतेच. कांदा चिरता येणं, भात न करपवणं या गोष्टी महिनाभरात जमतात. अडतं ते वेळेपाशी. भूक लागते रात्री नऊला, आणि स्वस्त जेवण ठरवायचं असतं सकाळी आठला. तेव्हा पोट भरलेलं असतं आणि लेक्चरला उशीर झालेला असतो. तहान लागल्यावर विहीर खणू नये हे शाळेपासून सगळ्यांना पाठ असतं, पण विहीर खणायची वेळ नेमकी तहान नसतानाच येते, त्याला काय करायचं? पोटात कावळे ओरडायला लागल्यावर माणूस हिशेब करत नाही. त्या वेळी तो जे हाताशी असेल ते विकत घेतो.

रात्री नऊच्या त्या माणसासाठीच जणू इन्स्टंट नूडल्स जन्माला आल्या. मोमोफुकू अँडो यांनी १९५८ साली जपानमध्ये त्या बाजारात आणल्या. युक्ती साधी आणि हुशार आहे. शिजवलेल्या नूडल्स तेलात तळल्या की त्यांतलं पाणी वाफ होऊन निघून जातं आणि मागे बारीक बारीक पोकळ्या राहतात. त्यांत उकळतं पाणी शिरलं की काही मिनिटांत नूडल्स मऊ. गंमत म्हणजे सुरुवातीला त्या ताज्या नूडल्सपेक्षा महाग होत्या. म्हणजे लोक तेव्हाही पैसे मोजत होते ते आधी विचार न करावा लागण्याचे. मी त्यांना नावं ठेवणार नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री त्यांच्याइतकं इमानदार कुणी नसतं. फक्त त्यात एक अंडं फोडावं आणि मसाल्याची पुडी अर्धीच घालावी, कारण बहुतेक मीठ तिच्यातच असतं.

याच्या अगदी उलट टोकाला राजमा. हे कडधान्य नऊच्या भुकेला अजिबात दाद देत नाही. ते किमान पाच तास तरी भिजवावं लागतं, रात्रभर भिजलं तर उत्तम. भिजवलेलं पाणी फेकून द्यायचं आणि नव्या पाण्यात खळखळून उकळायचं. यात सोवळं काही नाही. कच्च्या राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचा विषारी घटक असतो आणि मोजके चार-पाच कच्चे दाणेसुद्धा उलट्या करवायला पुरतात. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन तर अर्धा तास उकळायला सांगतं. मंद आचेवर तासन्‌तास ठेवून, पाण्याला उकळी न येऊ देता केलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त त्रास देऊ शकतो. म्हणून संथ शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात तो थेट टाकू नये. आणखी एक गोष्ट अशी, की दाणा बोटांत चेपला जाईपर्यंत टोमॅटो किंवा लिंबू जवळ फिरकू द्यायचं नाही. आंबटपणाने दाण्यातलं पेक्टिन, म्हणजे त्याच्या पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणारा पदार्थ, घट्ट धरून राहतं, आणि मग गॅस जळत राहतो पण राजमा टणकच. सकाळी वाटीभर दाणे पाण्यात टाकायला अर्धं मिनिट लागतं. त्या अर्ध्या मिनिटाची आठवण होणं, हाच माझ्या मते स्वयंपाकातला सगळ्यात अवघड धडा आहे. तो व्हिडिओत दाखवत नाहीत, कारण दाखवण्यासारखं त्यात काहीच नाही.

ज्यांना हे जमत नाही त्यांच्यासाठी देवाने मसूर केली आहे. सोललेली लाल मसूर भिजवावी लागत नाही, साध्या पातेल्यात वीसेक मिनिटांत शिजते आणि शंभर ग्रॅम कोरड्या डाळीत चोवीसेक ग्रॅम प्रथिनं देते. भाताबरोबर खाल्ली तर तिचं आणि तांदळाचं एकमेकांचं उणंही भरून निघतं. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांतलं लायसिन तांदळात कमी असतं, आणि मिथिओनिन डाळीत. गरिबाचं जेवण म्हणून जे जगभर खाल्लं गेलं, त्यात धान्य आणि कडधान्याची जोडी वारंवार दिसते ती उगीच नाही.

आचेबद्दल मात्र सगळ्यांचाच एक गोड गैरसमज असतो. पातेल्याखाली गॅस जितका मोठा तितकं लवकर शिजणार! एकदा उकळी आली की उघड्या पातेल्यातलं पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, खाली वणवा पेटवला तरी नाही. जास्तीची आच फक्त वाफ करते आणि सिलिंडर संपवते. उकळी आली की गॅस बारीक करावा, वर झाकण ठेवावं. झटपट हवं असेल तर कुकर. दाबामुळे त्यात पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. ही कल्पना १६७९ सालची, डेनिस पापिन या फ्रेंच माणसाची. हाडंसुद्धा मऊ करून दाखवतो म्हणाला होता तो.

कांदा परतणं हे मात्र घाईचं कामच नव्हे, आणि तिथे कुकरही उपयोगी नाही. चिरलेला कांदा तेलात पडला की आधी चरचरतो. तो आवाज पाण्याचा. कांद्याचं जवळजवळ नव्वद टक्के वजन पाणीच असतं आणि ते उडून जाईपर्यंत कढईतला कांदा १०० अंशांच्या आसपास अडकून पडतो. कडा पारदर्शक होतात, तुकडे लोळागोळा होतात, वाटतं आता झालं. झालेलं नसतं. थोड्या वेळाने चरचर खाली बसते, तेल कडेने सुटं दिसायला लागतं आणि मग एखाद्या तुकड्याच्या टोकाला पहिला तांबूस डाग पडतो. इथून पुढे सगळं भराभर होतं. साधारण १४० अंशांपुढे साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांशी भिडतात आणि त्यातून तो रंग, तो वास. लुई-कामीय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली या प्रक्रियेचं वर्णन केलं, म्हणून तिला त्याचं नाव. सुरुवातीलाच मीठ टाकलं तर कांदा पाणी लवकर सोडतो. फोन बाजूला ठेवून तेवढी पंधरा मिनिटं कढईपाशी उभं राहिलं, की साधी मसूरही कुणीतरी जीव ओतून केल्यासारखी लागते. महागडी पाकिटं विकत घेऊन जी चव आणायला जातात, ती बरीचशी इथे फुकट मिळते.

भात उरवावाच. शिळा, गार भात परतायला ताज्यापेक्षा चांगला, कारण त्यातला स्टार्च आवळून शितं मोकळी होतात. पण तो रात्रभर ओट्यावर ठेवायचा नाही. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, उबेला वाढतात, आणि त्यांनी केलेलं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. तासा-दोन तासांत पसरट डब्यात काढून फ्रिजमध्ये टाकला की चिंता मिटली.

एकट्यापुरता स्वयंपाक हे गणित मात्र कधीच पूर्ण सुटत नाही. कोबी एकट्याच्या मापाचा उगवत नाही. म्हणून दोघं-तिघं मिळून करायला लागतात, आणि मग स्वयंपाकापेक्षा भारी विषय निघतात. तेल कुणी आणलं, कढई कुणी घासायची, ‘मला भूक नाही’ म्हणणारा शेवटी दोन वाट्या कशा खातो. जो सकाळी आठवणीने राजमा भिजवतो, त्याला भांड्यांतून सूट असावी असं माझं ठाम मत आहे, पण ते कुणी मान्य केल्याचं पाहिलेलं नाही. उद्यासाठी म्हणून राखलेल्या डब्यावर नावाची चिठ्ठी चिकटवतात. ती चिठ्ठी जागच्या जागी राहते आणि डबा रिकामा होतो. मसूर नेहमी दोन पाकिटं आणून ठेवावी.