जॅझ गिटारचा नेक पिकअप निवडताना

जॅझ गिटारचा आवाज म्हटलं की 'गोल', 'उबदार', 'मखमली' असे शब्द येतात, आणि मग सगळ्यात जाड आवाजाचा पिकअप (तारेचं कंपन विजेच्या संकेतात बदलणारं चुंबक-कॉइल) शोधला जातो. बसवल्यावर एकेक सूर छान लागतो, पण चार सुरांची कॉर्ड धरली की मधले दोन सूर गढूळ होऊन जातात. टोनचा नॉब वरच्या फ्रिक्वेन्सी कापू शकतो, पिकअपमध्ये मुळातच नसलेल्या आणू शकत नाही. म्हणून पोकळ आर्चटॉपसाठी (कमानदार टॉपच्या गिटारसाठी) कमी ताकदीचा, स्वच्छ पिकअप घ्यावा आणि गडदपणा नॉबने, तारांनी आणि अँपने आणावा असं आमचं ठाम मत आहे.

इथे समोर धरली आहे ती गिब्सन ईएस-१७५ आणि तिच्या वळणाच्या असंख्य गिटार: प्लायवुडची पोकळ बॉडी, दोन एफ-होल (एफ अक्षराच्या आकाराची भोकं), २० फ्रेट. १९४९ साली ही गिटार आली तेव्हा तिच्यावर एकच पी-९० (एका कॉइलचा पिकअप) होता. १९५७ पासून तिला हंबकर, म्हणजे गुणगुण मारणारे दोन कॉइलचे पिकअप, मिळाले. सेथ लव्हर यांनी तयार केलेला तो हंबकर आज 'पीएएफ' म्हणून ओळखला जातो, आणि आजही बहुतेक चांगले जॅझ पिकअप त्याच्याच आसपास फिरतात.

पैसे खर्च करण्याआधी दोन गोष्टी तपासा. पहिली, नेक पिकअपची जागा. २० फ्रेटच्या गिटारवर तो फिंगरबोर्ड संपतो तिथेच बसतो. २२ फ्रेटच्या गिटारवर तो ब्रिजकडे सरकलेला असतो आणि तारेचा आवाज तिथे मुळातच टणक असतो. तो फरक कुठलाही पिकअप भरून काढत नाही. दुसरी, पॉट, म्हणजे नॉबखालचे बदलते रोध. हंबकरला ५०० किलोओहमचे पॉट लागतात. २५० चे असतील तर वरचा सगळा उजेड तिथेच जातो आणि दोष पिकअपला मिळतो. पॉट मोजताना त्याचं निदान एक टोक सर्किटपासून सोडवा, नाहीतर मीटर भलतंच दाखवेल.

आता किलोओहमचा गोंधळ. जाहिरातीत ७.५ आणि ८.५ असे आकडे वाचून लोक ताकद ठरवतात. पण हा आकडा फक्त तांब्याच्या तारेचा रोध आहे. पीएएफमध्ये ४२ गेजची तार असते. तेवढेच वेढे ४३ गेजने, म्हणजे जरा बारीक तारेने, घातले तर रोध सुमारे पाव पटीने वाढतो, आवाज मात्र तेवढा वाढत नाही. शिवाय तांब्याचा रोध तापमानाबरोबर बदलतो: २० अंशांना ७.५ दाखवणारा पिकअप मे महिन्यात ३५ अंशांच्या खोलीत ७.९ दाखवेल. म्हणजे दोन पिकअपमधला जो फरक वाचून तुम्ही निर्णय घेताय, त्याच्या जवळपास निम्मा फरक नुसता ऋतू पाडतो.

खरं बघायचं ते इंडक्टन्स, म्हणजे हेन्रीचा आकडा. पिकअपचं इंडक्टन्स आणि केबलची कपॅसिटन्स मिळून एक उंचवटा तयार होतो. त्याच्या वरचं सगळं झपाट्याने उतरतं. पीएएफ पद्धतीचा पिकअप साधारण ४.५ हेन्रीचा. ५ मीटरची केबल सुमारे ५०० पिकोफॅरड धरली तर उंचवटा ३.४ किलोहर्ट्झच्या आसपास येतो. ८ हेन्रीचा जाड पिकअप त्याच केबलवर २.५ वर येतो. कॉर्डमधले सूर वेगळे ऐकू यायला लागतात ती हीच पट्टी. आणि ४.५ हेन्रीच्या पिकअपला १० मीटरची केबल लावली तर तोही २.४ वर घसरतो. तेव्हा आवाज फार गढूळ वाटत असेल तर आधी एक आखूड केबल लावून बघा.

चुंबकाचं थोडक्यात (अल्निको हा चुंबकाचा मिश्रधातू): अल्निको २ मऊ, मधला भाग भरलेला, सुराची सुरुवात जराशी सैल. अल्निको ५ टणक आणि उजळ. प्लायवुडची पोकळ बॉडी पाचव्या-सहाव्या तारेवर आधीच घुमत असते, त्यामुळे खालचा भाग आटोक्यात ठेवणारा पिकअप इथे शोभतो. सेमोर डंकनचा 'जॅझ' नेक त्या दृष्टीने चांगला. त्यांचाच 'फिफ्टीनाइन' सॉलिड बॉडीवर सुंदर वाजतो, पण अशा गिटारवर खालून फुगू शकतो. 'सेथ लव्हर' मॉडेल अल्निको २ चं आणि मेण न भरलेलं; त्यात हवा आणि बारकावा दोन्ही आहेत, फक्त मोठ्या आवाजात वाजवणाऱ्याने जपून घ्यावं.

मेणाचा मुद्दा फीडबॅकशी, म्हणजे अँपचा आवाज परत गिटारमध्ये शिरण्याशी, जोडलेला आहे, आणि इथे नेहमी गल्लत होते. अँपसमोर बसल्यावर जाड, खोल 'घूं' येत असेल तर ती बॉडी घुमतेय. पिकअप बदलून ती थांबणार नाही. एफ-होलमध्ये फोमचा तुकडा बसवा, अँप बाजूला सरकवा, बेस कमी करा. बारीक, टोकदार शिट्टी येत असेल तर मात्र कॉइल किंवा कव्हर थरथरतंय. मेण भरलेला पिकअप लागतो तो या दुसऱ्या दुखण्यावर.

कोरीव घन लाकडाच्या टॉपची गिटार असेल तर तिला भोक पाडूच नका. तिच्यासाठी फ्लोटिंग पिकअप असतो, नेकच्या टोकाला किंवा पिकगार्डला टांगलेला. घेण्याआधी तारांच्या खाली टॉपपर्यंत किती मिलिमीटर जागा आहे ते मोजा आणि पिकअपच्या जाडीशी ताडून पाहा. कागदावर बसणारा पिकअप टॉपला टेकला तर खरखर करतो. आणि ब्रॉन्झच्या तारा काढा. ब्रॉन्झ चुंबकाला दाद देत नाही, त्यामुळे गुंडाळलेल्या तारा दबतात आणि साध्या दोन तारा किंचाळतात. निकेल किंवा स्टीलच्या फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या) तारा लावा.

फक्त नेकचा पिकअप बदलून ब्रिजचा जुनाच ठेवणार असाल तर फेजचा, म्हणजे दोघांचे संकेत एकाच दिशेने चालतात की उलट, याचा विचार आधीच करा. दोन्ही पिकअप उलटसुलट फेजमध्ये आले की मधल्या स्विचवर आवाज पोकळ आणि नाकातून आल्यासारखा होतो. हे बसवण्याआधी तपासता येतं. मीटर २० किलोओहमवर ठेवा, दोन वायरींना लावा, स्क्रूड्रायव्हरचं लोखंडी टोक पोलवर (पिकअपच्या वरच्या लोखंडी स्क्रूवर) टेकवा आणि पटकन उचला. आकडा क्षणभर वर किंवा खाली उडी मारतो. दोन्ही पिकअपना गरम (संकेत नेणाऱ्या) वायरीला लाल, ग्राउंडला काळी, असं सारखंच जोडून बघा; उड्या एकाच दिशेने हव्यात. नसतील तर चार वायरींच्या पिकअपमध्ये नुसत्या वायरी उलटवून काम होतं. जाळीदार एकवायरीच्या पिकअपमध्ये तसं केलं तर कव्हर गरम बाजूला जातं आणि हात लागला की गुरगुरतं. तिथे कव्हरचे सोल्डर सोडवून आतला चुंबक उलटा करावा लागतो. म्हणून एकच पिकअप बदलताना चार वायरींचा घ्यावा.

बसवताना सगळं वायरिंग बाहेर ओढायची गरज नसते. जुन्या पिकअपची वायर १० ते १५ सेंटीमीटर राखून कापा, नेकच्या भोकातून बाहेर घ्या, नवी वायर तिथेच सोल्डर करा आणि उष्णतेने आवळणारी नळी चढवा. गिटार जुनी आणि मोलाची असेल तर मात्र वायर कापू नका, पॉटवरचा मूळ सोल्डर सोडवा. त्यासाठी पॉट एफ-होलमधून काढावे लागले तर प्रत्येक दांड्यावर माशांच्या टाकीत हवा सोडायची पारदर्शक नळी घट्ट बसवा, तिचं दुसरं टोक भोकातून बाहेर ठेवा आणि त्यावर टेपने क्रमांक लिहा. परत ओढताना पॉट आपोआप आपापल्या भोकात येतात. ही नळी नसेल तर अर्धा दिवस वाकड्या तारेने चाचपडण्यात जातो.

शेवटी पिकअपची उंची. शेवटच्या फ्रेटवर तारा दाबून धरा. जाड ई तारेखाली ३ मिलिमीटर, बारीक ई खाली २ ते २.५ पासून सुरुवात करा. जवळ नेलं की आवाज वाढतो पण सूर लवकर मावळतो. १२ ते ५२ च्या फ्लॅटवाउंड संचात तिसरी, म्हणजे 'जी' सुराची, तार गुंडाळलेली असते, त्यामुळे साधी 'बी' तिच्यापेक्षा मोठी वाजते. पिकअपवरचा 'बी'चा स्क्रू अर्धा वळसा खाली घ्या, 'जी'चा अर्धा वर. मग टोन नॉब सातवर ठेवून एक ड्रॉप-२ कॉर्ड (चार सुरांतला वरून दुसरा एक सप्तक खाली घेतलेली) हळू वाजवा, चारही सूर वेगळे मोजता येईपर्यंत पाव-पाव वळसा फिरवत राहा.