ऑस्कर राहू द्या, क्रिटिक्सची यादी बघा

अ‍ॅनिमेशनमध्ये काय बघू असं कोणी विचारलं की मी ऑस्करची यादी देतच नाही. सरळ सांगते, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्कच्या क्रिटिक्सनी, म्हणजे तिथल्या सिनेमा समीक्षकांच्या संघटनांनी, दरवर्षी कोणाला निवडलंय ते बघ. दोन्ही याद्या नेटवर फुकट पडल्यात, निकालही डिसेंबरातच लागतात. ऑस्करला हजारो लोक व्होट करतात, त्यातले किती जण इतकी वर्षं सगळे पिक्चर बघून करायचे देव जाणे, क्रिटिक लोकांचं पोटच त्याच्यावर आहे त्यामुळे त्यांना बघावंच लागतं.

तसं न्यूयॉर्कवाल्यांनी १९३८ लाच डिस्नेच्या 'स्नो व्हाइट'ला अवॉर्ड दिलेलं, पण ते स्पेशल, म्हणजे पाहुण्याला पंगतीत न बसवता वेगळं ताट वाढतात ना, तसलं. लॉस एंजेलिसवाल्यांनी १९८९ मध्ये 'द लिटल मरमेड'ला अ‍ॅनिमेशनचं अवॉर्ड दिलं आणि ऑस्करला वेगळी कॅटेगरी सुचायला २००१ चे पिक्चर उजाडले, पहिलं गेलं 'श्रेक'ला. त्याच्या आधी १९९९ ला ब्रॅड बर्डचा 'द आयर्न जायंट' थिएटरात आपटला होता, आज सगळे क्लासिक क्लासिक करतात पण लॉस एंजेलिसच्या क्रिटिक्सनी त्याच वर्षी त्याला निवडलं होतं. आणि न्यूयॉर्कवाल्यांनी त्या साली कोणाला दिलं? 'साउथ पार्क'च्या पिक्चरला! जो पोरांना दाखवला तर घरातून हाकलतील. आमच्या वरच्या मजल्यावरच्या बेन मला अजून म्हणतात, "आ तो छोकराओ माटे छे", म्हणजे हे तर पोरांसाठी असतं, त्यांना एकदा तो लावून द्यावा असं फार मनात येतं.

पण माझं खरं भांडण २०१४ वरून आहे. त्या साली लॉस एंजेलिसच्या क्रिटिक्सनी जपानी दिग्दर्शक इसाओ ताकाहाताच्या 'द टेल ऑफ द प्रिन्सेस कागुया'ला दिलं आणि ऑस्कर घेऊन गेला 'बिग हिरो ६'. बरा आहे तो, वाईट नाहीये, पण कुठे ते आणि कुठे हे! कागुयाचं सगळं चित्र पातळ वॉटरकलरसारखं, कडेला कागद कोराच सोडलेला. मग महालात मेजवानी चालू असते, दारू प्यायलेले पाहुणे राजकन्या कागुयाबद्दल वाट्टेल ते बोलतात, ते तिला आतून ऐकू येतं आणि ती उठून धावत सुटते. तिथे रंगच जातो. नुसत्या कोळशाच्या काळ्या रेघा, अंगावरचे कपडे एकेक करून उडून पडतायत, चेहरा तर नीट दिसतसुद्धा नाही, आणि तरी तुम्हाला कळतं की हिला किती राग आलाय. माझी आत्या शाळेत ड्रॉइंग शिकवायची, तिला बडोद्यात दांडिया बाजारच्या आमच्या घरी बसवून हा सीन दाखवला तर म्हणाली परत लाव, आणि परत बघून म्हणाली, "अगं, अशी घाईघाईची रेघ मुद्दाम काढायची म्हणजे फार हात बसलेला लागतो." ऑस्करवाल्यांना हे सांगायला आत्या हवी होती तिथे.

क्रिटिक्स काय देव नाहीत म्हणा. वेगळी कॅटेगरी झाली की त्यांनाही सोय होते, अ‍ॅनिमेशनला तिथे बसवलं की मेन अवॉर्डच्या वेळी विचारच करायला नको. म्हणून मला २००८ चं कौतुक जास्त. लॉस एंजेलिसवाल्यांनी 'वॉल-ई'ला थेट बेस्ट पिक्चर दिलं, आणि अ‍ॅनिमेशनचं दिलं 'वॉल्ट्झ विथ बशीर'ला, जी लेबनॉन युद्धावरची इस्रायली डॉक्युमेंटरी आहे. ऑस्करनं 'वॉल-ई'ला बेस्ट पिक्चरचं साधं नॉमिनेशनही दिलं नाही.

२०२४ ला मात्र नवल झालं, दोन्ही शहरांच्या क्रिटिक्सनी आणि ऑस्करनंही एकच पिक्चर निवडला, लॅटव्हियाचा 'फ्लो'. एक मांजर, पूर, होडी, आणि अख्ख्या पिक्चरमध्ये माणसाचा एक डायलॉग नाही. आणि बनवलाय ब्लेंडरवर, जे सॉफ्टवेअर कोणीही फुकटात डाउनलोड करू शकतं.

आपण फाइन आर्ट्सच्या गावात राहतो, तरी बडोद्याच्या मल्टिप्लेक्सात बहुतेक मोठ्या स्टुडिओचेच अ‍ॅनिमेशन पिक्चर लागतात, तेही सकाळच्या शोला. मग काय, घरीच बघायचं. आणि फक्त परदेशीच नको, गीतांजली रावचा 'बॉम्बे रोझ' पण बघा, २०१९ ला व्हेनिस फिल्म फेस्टिव्हलच्या क्रिटिक्स वीकची सुरुवातच त्यानं झाली होती, फ्रेम न् फ्रेम हातानं रंगवलेली आहे आणि नेटफ्लिक्सवर आलाय. आत्याला पुढच्या रविवारी तोच दाखवणार आहे, वरच्या बेनना पण बोलावीन, येतील की नाही माहीत नाही.