अण्णांचं मुखपृष्ठ

"अगं, आपलं इंटरनेट बदललंय."

मागच्या जूनमध्ये, सकाळी साडेसातला, सांगलीहून अण्णांचा फोन. बदललंय म्हणजे काय, हे कळायला पाच मिनिटं गेली. "उघडलं की दुसरंच येतंय. कुठलीतरी बाई दात काढून हसत असते, खाली बारीक अक्षरात सगळं इंग्रजी. आपलं कुठं गेलं?"

आपलं म्हणजे पांढरंशुभ्र पान, मधोमध गूगलचं नाव आणि त्याखाली लिहायची पट्टी. ब्राउझरची ती रंगीत चकती दोनदा दाबल्यावर जे पहिलं पान येतं, तेच अण्णांच्या लेखी इंटरनेट. मला हसू आलं, पण त्यांचं फारसं चुकलं नव्हतं. दार उघडल्यावर बैठकीच्या खोलीत परकी बाई ऐसपैस बसलेली दिसली, तर आपणही आधी घर चुकलं असंच म्हणू.

शनिवारी गेले. पाणीपट्टीच्या पावतीची पीडीएफ करायला अण्णांनी एक फुकटचा प्रोग्राम उतरवून घेतला होता आणि 'पुढे, पुढे, पुढे' करत सगळ्याला होकार दिला होता. मी प्रोग्राम काढला, ब्राउझरमधला त्याचा चिकटलेला तुकडा काढला, सेटिंग्ज सरळ केली आणि ऐटीत ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला. बाई हजर. पुन्हा सगळं तपासलं. बाई तिथेच. शेवटी त्या रंगीत चकतीवर उजवं बटण दाबून तिचे गुणधर्म पाहिले, तेव्हा उलगडा झाला. प्रोग्रामच्या पत्त्यापुढे, अवतरणचिन्ह संपल्यावर एक जागा सोडून, त्या बाईच्या साइटचा पत्ता लिहून ठेवला होता. कुलूप बदलून काय होणार, चिठ्ठी किल्लीलाच बांधलेली! तेवढा पत्ता खोडला.

"बाई गेली गं!" अण्णांनी आत आवाज दिला.

"कुठली बाई?" स्वयंपाकघरातून आई.

या उंबरठ्यावर बसायला किती जण टपलेले असतात, हे अण्णांना सांगायला गेले. ॲपलच्या सफारी ब्राउझरमध्ये आपलंच शोधयंत्र आधीपासून लावलेलं असावं म्हणून गूगलने ॲपलला २०२२ या एका वर्षात २० अब्ज डॉलर दिले; अमेरिकेतल्या खटल्याच्या कागदपत्रांतून तो आकडा बाहेर आला. अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आणि मी फुकट दिलं होतं होय!"

ब्राउझर उघडताच येणाऱ्या या पहिल्या पानाला होम पेज म्हणतात, हे आमच्या पिढीला सायबर कॅफेने शिकवलं. अर्ध्या तासाचे पैसे मोजून बसायचं, आणि पहिली तीन-चार मिनिटं नको असलेलं पान वरून खाली इंच इंच उतरताना बघत बसायचं. इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये त्यासाठी ओळीने तीन बटणं होती: आत्ताचं पान ठेवा, मूळचं ठेवा, कोरं ठेवा. मी कुठल्याही कॅफेत गेले की आधी कोरं ठेवायचे. पुढच्या वेळी जावं तर कुणीतरी स्वतःचं पान लावून गेलेला असायचा. क्रिकेटचं, नोकऱ्यांचं, एकदा तर लग्न जमवणाऱ्या साइटचं. त्या खुर्चीवर आधी कोण बसून गेलं, त्याचा अंदाज यायचा.

मग आयगूगल आलं. २००५ मध्ये सुरू झालं तेव्हा नाव वेगळं होतं, हे नाव दोन वर्षांनी मिळालं. त्यात आपल्याला हवे ते चौकोन मांडता यायचे: हवामान, बातम्या, टपाल, घड्याळ. पण माझा जीव अडकला होता तो वरच्या पट्टीत. चहाघराच्या चित्रात एक कोल्हा होता, आणि आपल्याकडे जी वेळ असेल तशी त्याची कामं बदलायची, उजेडही बदलायचा. ऑफिसात तिन्हीसांजेला मान वर केली की खिडकीआधी त्या पट्टीत कळायचं, अंधारलं. १ नोव्हेंबर २०१३ ला ते बंद झालं. मोबाइलवर ॲप असताना आता याची गरज उरली नाही, असा कंपनीचा युक्तिवाद होता. बरोबरच असेल. कोल्ह्याची गरज तशी कधीच नव्हती.

त्यानंतर मी होम पेज लावणं सोडून दिलं. बहुतेकांनी सोडलं असावं. क्रोममध्ये घराचं चिन्ह मुळात दिसतच नाही. सेटिंग्जमध्ये जाऊन ते चालू करावं लागतं. आणि तिथेही गोंधळ आहेच. ब्राउझर सुरू होताना येणारं पान वेगळं, घराचं चिन्ह दाबल्यावर येणारं वेगळं, नवी टॅब उघडल्यावर येणारं आणखी वेगळं. एका घराला तीन दारं, आणि तिसऱ्याची किल्ली तर आपल्याकडे नसतेच. नवी टॅब बदलायची तर वरून एखादं एक्स्टेंशन घालावं लागतं.

मराठीत आपण याला मुखपृष्ठ म्हणतो. विकिपीडियाचं मराठी पहिलं पानही याच नावाचं. इंग्रजांनी घर म्हटलं, आपण पुस्तकाचं तोंड. साइटच्या पहिल्या पानाला ते शोभतं. पण रोज जिथून निघायचं आणि चुकलो की जिथे परतायचं, त्या पानाला मुखपृष्ठ म्हणणं मला जरा कोरडं वाटतं. ओसरी चाललं असतं. असो, आता कोण बदलतंय.

तर बाई गेल्यावर अण्णांना विचारलं, "आता कुठलं पान लावू?"

"कुठलं म्हणजे? आपल्याला पाहिजे ते लावता येतं?"

येतं. साइटच असायला पाहिजे असंही नाही. नोटपॅडमध्ये चार ओळी लिहून जतन केलेली, आपल्याच संगणकातली फाइलसुद्धा चालते. मी त्यांना म्हटलं, काय काय पाहिजे ते लिहून ठेवा. दुपारी दिनदर्शिकेच्या फाडलेल्या पानाच्या पाठीवर यादी तयार. मी बातम्या, हवामान, नातवाचे फोटो, पंचांग असं धरून चालले होते. यादीत पहिलं होतं: आयर्विनला पाणी किती. दुसरं: कोयनेतून विसर्ग किती. तिसरं: अलमट्टी धरण. चौथं: लाइट बिल. संपलं.

सांगलीबाहेरच्यांना हे विचित्र वाटेल. कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ चा. पावसाळ्यात अख्खं गाव त्या पुलाशी पाणी किती फुटांवर आहे, यावर जगतं. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. कुठल्या आकड्याला कुठल्या गल्लीत पाणी शिरतं ते लोकांना तोंडपाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमच्या तळमजल्यावर खिडकीच्या गजांपर्यंत आलं होतं. आई-अण्णा चार दिवस वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे. भिंतीवरची ती रेघ रंग दिला तरी दमट हवेत वर येते.

"घड्याळ घालू का पानावर?"

"भिंतीवर आहे की."

"नातवाचा फोटो?"

"तो फ्रिजवर आहे. अक्षरं तेवढी मोठी कर."

पान लिहायला बसले. पहिल्या ओळीत युटीएफ-८, म्हणजे मराठी अक्षरं नीट वाचायची ब्राउझरला दिलेली सूचना, घालायला विसरले नाही, कारण पूर्वी एकदा विसरून पस्तावले होते. २००८ च्या सुमारास हौसेने स्वतःचं मराठी पान केलं होतं. ते उघडलं तर प्रत्येक अक्षराच्या जागी तीन-तीन चिन्हं, आणि बहुतेकांची सुरुवात तीच: डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, मग चार कोपऱ्यांना चार पाय फुटलेलं वर्तुळ. 'नमस्कार' लिहिलं होतं. दिसत होती मुंग्यांची रांग.

अण्णांचं पान अर्ध्या तासात झालं. फिकट पिवळ्या पार्श्वभूमीवर चार ओळी, अंगठ्याएवढी अक्षरं. पाणीपातळीसाठी जलसंपदा विभागाचं पान जोडलं, बिलासाठी वीज कंपनीचं. तिन्ही दारं काही जमली नाहीत, पण दोन त्या पानाकडे वळवली. अण्णांनी चष्मा वर करून पाहिलं, खाली करून पाहिलं. "हे आपलं," म्हणाले.

आठवड्यात पुन्हा फोन. इंटरनेट गेलं. फाइल सापडत नाही असं म्हणतंय. विचारत विचारत गेले तेव्हा कळलं, डेस्कटॉपवर फार पसारा झाला म्हणून त्यांनी सगळ्या फाइली एका फोल्डरमध्ये घालून टाकल्या होत्या. घरसुद्धा. फोनवरूनच ते परत जागेवर आणवलं.

मग मीही पुण्यात तेच पान लावलं. एवढे मोठमोठे टाइप कशाला, असं ऑफिसात एकाने विचारलं. मी आपलं डोळ्यांवर ढकललं. जुलै उजाडला की सकाळी पहिली ओळ दाबून आकडा बघायचा आणि मग कामाला लागायचं, अशी सवय लागून गेली.

परवा पाऊस धरला होता. पान उघडलं, ३२ फूट. अण्णांना फोन लावला, म्हटलं, "बघितलंत का? बत्तीस आहे."

"ते सकाळी आठचं," अण्णा म्हणाले. मागून मोटारसायकलींचा आणि पाण्याचा आवाज येत होता. "आत्ता साडेतेहतीस. मी पुलावर आहे."